पाऊण तासाचं विमान

मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून माझ्या आईला फार वेळ बसवत नाही. दहा-पंधरा मिनिटं झाली की कंबर भरून येते आणि तिला आडवं व्हावं लागतं. ती नेकनूरला असते, मी बीडला. तिची थोरली बहीण, म्हणजे माझी मावशी, कोल्हापूरला दिलेली. दोघी रोज फोनवर बोलतात. मावशीची नजर मात्र पार गेलीय. "नुसता आवाज येतो गं तुझा. एकदा तोंडावरनं हात फिरवू दे," असं ती म्हणाली, त्या दिवशी आई जेवली नाही.

माझ्या नवऱ्याला मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसायची सवय. आम्ही नेकनूरला गेलो होतो तेव्हा त्याने कुठल्याशा वेबसाइटवर लातूर विमानतळ ते कोल्हापूर विमानतळ असं टाकलं आणि वाचून दाखवलं, उड्डाणाला वेळ पाऊण तास. आईने तेवढंच ऐकलं. लातूरपर्यंत गाडीने, केजला, अंबाजोगाईला पाठ टेकत जाऊ, हेही तिनेच ठरवून टाकलं. राहिला प्रश्न पाऊण तास बसायचा.

दुसऱ्या दिवसापासून बाईंचा सराव सुरू. ओट्यावर प्लॅस्टिकची खुर्ची, समोर घड्याळ, आणि कमरेला माझी जुनी ओढणी बांधलेली, कारण विमानात पट्टा असतो हे तिला ठाऊक. शेजारणी चेष्टेने विचारायच्या, विमान कुठवर आलं म्हणून. आई म्हणायची, आत्ताशी ढगात हाय. वीस मिनिटं, अर्धा तास करत थंडी पडेपर्यंत ती पाऊण तासावर पोचली. मला फोन करून सांगितलं, मावशीलाही सांगितलं, विमानानं येतेय म्हणून. मी तिकीट काढायला बसले.

तर या दोन गावांमध्ये विमानच नाही! वेबसाइटवाल्यांनी नकाशावर सरळ रेघ मारून त्या अंतराला विमानाच्या वेगाने भागलं होतं, बस्स. माझं डोकंच सणकलं. नवऱ्याला वाट्टेल ते बोलले. त्याने बिचाऱ्याने सगळं ऐकून घेतलं, त्यालाही लागलं होतं. मग मी नेकनूरची एसटी धरली. आई खुर्चीतच होती. तिला सांगता सांगता मलाच रडू फुटलं, इतका संताप आला होता.

आई उठली नाही. म्हणाली, "कावून रडायलीस? केजला थांबणारच व्हतो ना आपुन? तसंच पुढंबी थांबत जाऊ. पाऊण तास बसाय येतंय मला आता."

मावशीला यातलं काही कळवायचं नाही, असं मात्र तिने बजावलं.

नवऱ्याने मित्राची गाडी आणली. पाऊण तास झाला की थांबायचं, सतरंजी अंथरायची आणि आईने आडवं व्हायचं. ढाब्यावर, पेट्रोल पंपामागे, एका शाळेच्या व्हरांड्यात. बार्शीला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला कोल्हापूर आलं.

मावशी दारातच बसली होती. तिने आईचं तोंड, कान, खांदे चाचपले. मग पाठीवरचा टाक्यांचा वण बोटांनी शोधला आणि तिथेच हात ठेवून राहिली. तिने विचारलं, विमान कसं होतं?

"चांगलं व्हतं," आई म्हणाली. "पण लई ठिकाणी उतरलं."