शेडमधलं बटन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, वैरागला माहेरी जाते तेव्हा आईलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? — तुम्ही आमच्या गल्लीतले नाही म्हणून असेल. तशी मी तिखट तोंडाची. लग्न होऊन भवानी पेठेत आल्यापासून भांडणात कुणाला हार गेलेली नाही. पण हे एक वाक्य मला आजवर बोलता आलेलं नाही.

घराला लागून माझी पत्र्याची शेड आहे. कारखान्यातून टॉवेल येतात, मी त्यांच्या कडा शिवते, इस्त्री करते, घड्या घालून परत देते. माल कारखान्याच्या शेठचा, भरवसा माझा. समोर सिद्रामअण्णा राहतात. तेव्हा ते शाळेच्या मुलांची रिक्षा चालवायचे आणि ती नेमकी माझ्या दारात लावायचे. त्यावरून आमचं कायम वाजायचं. एकदा मी जरा जास्तच बोलले — त्यांच्या मेलेल्या आईपर्यंत गेले. अण्णा भडकले. गल्लीसमोर म्हणाले, "एक दिवस ही शेडच पेटवतो का न्हाय बघ."

आणि त्याच आठवड्यात शेड पेटली. भर दुपारी. मी नळावर होते, ओरडा ऐकून धावत आले तोवर पत्रे वाकले होते आणि शेठचा सगळा माल जळत होता. कुणाला इजा झाली नाही, तेवढं नशीब. गर्दीतून कुणीतरी विचारलं, सिद्रामनं लावली का? मी नुसती हो म्हणून मान हलवली. मान हलवायला असा किती वेळ लागतो?

आमच्या वॉर्डात तेव्हा नुकतीच समेट समिती निघाली होती. नगरसेवकांनीच ती उभी केली होती. किरकोळ मारामाऱ्या, चोऱ्या, नासधूस — पोलीस आधी तिकडं पाठवायचे. रविवारी शाळेच्या वर्गात सतरंजी टाकून दोघांना समोरासमोर बसवायचे. ज्याचं नुकसान झालं त्यानं आधी बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं, चूक कबूल करायची आणि मोडलेलं स्वतःच्या हातानं उभं करून द्यायचं. मग खटला नाही. पद्धत चांगली आहे. आमच्या भागातली कितीतरी पोरं त्यामुळं सुधारली. पण ती चालते खरं बोलण्यावर — आणि तिथं मी बसले होते.

अण्णा म्हणाले, मी काही केलेलं नाही. पुन्हा विचारलं तरी तेच म्हणाले. समितीच्या प्रमुख बाई, निवृत्त मुख्याध्यापिका, माझ्याकडं वळल्या आणि शांतपणे म्हणाल्या, नीट आठवून सांगा, खात्री आहे ना? तिथं मला सांगता आलं असतं. मला शेठचा चेहरा दिसला, काम तुटून बंद पडलेली शिलाई मशीन दिसली. मी म्हणाले, "व्हय बाई. त्यांनीच."

समितीत बसलेल्या हवालदारांनी अण्णांना समजावलं — कबूल नसेल तर केस होईल, मग तुमच्या रिक्षात पोरं कोण पाठवील? मग अण्णांनी मला हात जोडले आणि म्हणाले, "चुकलं माझं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

आता सांगते. त्या दुपारी पाच दिवसांनी नळाला पाणी आलं होतं. बाहेर 'पाणी आलं' असा ओरडा झाला, मी घागर उचलून पळाले. इस्त्री टॉवेलवर तशीच — बटन चालू. धूर दिसला त्याच क्षणी मला कळलं होतं. अण्णांचं नाव कानावर पडायच्या आधी कळलं होतं.

अण्णांनी शेड उभी केली. पत्रे ठोकले, नवी वायर ओढली. एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर ते जळका ढिगारा उपसून उकिडवे बसले होते. हातात अर्धा वितळलेला बोर्ड. इस्त्रीची पिन त्यात चिकटलेली, बटन खाली दाबलेलं. ते बघत होते, मी त्यांना बघत होते. वाटलं, आता हे उठणार, बाईंकडं जाणार. अण्णांनी तो बोर्ड कचऱ्याच्या पोत्यात टाकला. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "वैनी, नवा बोर्ड बसवतो. जाताना बटन बंद करत जावा."

केस झाली नाही, तरी लोकांनी आपापली मुलं काढून घेतली. शेड पेटवणाऱ्याच्या रिक्षात कोण पाठवणार? अण्णांनी रिक्षा विकली. आता ते दुसऱ्याच्या टेम्पोवर सुताची पोती वाहतात. ते गप्प का राहिले, मला माहीत नाही. विचारायची माझी छाती झाली नाही.

आणि मला समितीत घेतलंय. आमचं प्रकरण बाई दुसऱ्या वॉर्डांत उदाहरण म्हणून सांगतात. रविवारी एखादा पोरगा रडत म्हणतो, मी केलं नाही — आणि बाई विचारतात, तुम्हाला काय वाटतं? खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसं माझं होतं. अण्णाही कधीकधी येतात, मागं भिंतीला टेकून बसतात. ते नुसते खोकले तरी मला वाटतं, आज उठून बोलणार.

पाणी आलं की गल्लीत पहिला आवाज त्यांचाच येतो. "वैनी, पाणी आलं. बटन बंद करून या." लोक म्हणतात, बघा, समेट असावा तर असा. मी बटन बंद करते, पिनही काढते, घागर घेऊन नळावर जाते. अण्णा एक पाऊल मागं सरकून मला त्यांच्या पुढं जागा देतात. मी तिथं उभी राहते.