घुबडासमोर घेतलेलं नाव

नांदेडच्या स्टेशनात गाडी शिरली तेव्हा नुकतं उजाडलं होतं. पाठीवर कॅमेऱ्याची बॅग आणि हातात तिपाई पाहून चहावाल्याने विचारलं, रस्त्याच्या मोजणीला आलाव का? घुबडाची पिल्लं पाहायला आलो आहे म्हटल्यावर त्याने चहाचा कप माझ्या हातात न देता टपरीच्या फळीवर ठेवला.

पुण्याहून निघताना मी बायकोलाही एवढंच सांगितलं होतं. देगलूरच्या बाजूला माळरानावर मोठ्या घुबडाने पिल्लं काढली आहेत, मार्च सरला की ती उडून जातील, म्हणून जातो. ती धुतलेले कपडे घडी करत होती. देगलूरहून उदगीर किती लांब, असं तिने विचारलं. मी म्हणालो, पाहायला लागेल. मी ते आधीच पाहिलेलं होतं.

उदगीरला आमची मुलगी असते, केतकी. तिने उदगीरच्या एका लिंगायत व्यापाऱ्याच्या मुलाशी लग्न केलं आणि मी त्या लग्नाला गेलो नाही. कारण म्हणून जे सांगितलं ते माझ्या वडिलांच्या काळातलं होतं, मी ते माझं म्हणून पुढे केलं. आता तिला आठवा महिना लागला आहे. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि मुलीला आणायला माहेरून मूळ (आणायला जाणारं माणूस) जावं लागतं. बायकोचं म्हणणं, मूळ म्हणून बापाने जायचं. ती एकटी गेली तर ते भेटायला जाणं होईल, आणायला जाणं होणार नाही. हे ती पुन्हा पुन्हा बोलत नव्हती. बोलली असती तर निदान भांडता आलं असतं.

स्टँडसमोरच्या हॉटेलात सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी देऊन केलेली न्याहारी) खाल्ली आणि देगलूरची एसटी धरली. नरसीच्या फाट्यावर बिलोलीची माणसं उतरली, बस मोकळी झाली. दोन्ही बाजूंना हरभऱ्याची काढणी चालली होती. करडई वाळून काटेरी उभी होती. पळस फुलला होता, पण फुलांच्या फोटोसाठी मला कधी थांबावंसं वाटत नाही. मला डोळे असलेलं काहीतरी लागतं.

देगलूरच्या लॉजवर संभाजी मला न्यायला आला. एका छायाचित्रकार मित्राने त्याचा पत्ता दिला होता. माळाला लागून त्याचं शेत आहे, दारात शेळ्या आहेत आणि तोंडाला विश्रांती नाही. मोटरसायकलवर तो मान मागे वळवूनच बोलत होता. "आमच्याकडं घुबड दिसलं की माणूस वाट बदलतो," तो म्हणाला, "आन तुमी वाट इचारत आलाव." गाव उदगीरच्या अंगाला आहे. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पिल्लांची जागा कळली की गर्दी होते आणि गर्दीने घरटी ओस पडतात.

पहिला दिवस फुकट गेला. संभाजीने छातीवर हात ठेवून सांगितलेल्या घळीत पिंगळ्याची जोडी निघाली. मूठभर पक्षी, कुठल्याही जुन्या आंब्याच्या ढोलीत सापडणारा. मी तोंड पाडलेलं पाहून तो म्हणाला, हे बी घुबडच की, जरा बारकं हाय. दुसऱ्या घळीत तेही नव्हतं. परतताना तिपाईचा पाय दगडावरून घसरला, लेन्सचं झाकण बोरीच्या जाळीत गेलं आणि ते काढताना माझी बाही फाटली. मोज्यांत कुसळं इतकी भरली होती की मोजे टाकूनच द्यावे लागले.

रात्री त्याच्याच घरी जेवलो. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी (भाजलेल्या धान्य-मसाल्यांच्या पिठाची), वर शेंगदाण्याची चटणी. वाढता वाढता त्याच्या बायकोने, मुक्ताबाईने, जागा सांगितली. रोज शेळ्या घेऊन ती त्याच नाल्याकाठी असते. मग सकाळपासून बोलली का नाहीस, असं संभाजीने विचारलं. "तुमी इचारलाव का?" ती म्हणाली. "तुमाला तर समदं ठावं असतंय."

सकाळी निघताना त्या दोघांनी मला एक नियम सांगितला. घुबड राहतं त्या भागात कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही. घुबड नाव ऐकून ठेवतं आणि रात्री तेच नाव घेत बसतं. जितकं ते नाव घेईल तितकं त्या नावाचं माणूस खंगत जातं. म्हणून तिथे संभाजी बायकोला 'ए' म्हणतो आणि ती त्याला शीळ घालते. शेळ्यांनासुद्धा तिथे नाव नाही. मी मान डोलावली. घुबडाबद्दलचे असले समज मी बरेच ऐकले आहेत आणि त्यांच्याविरुद्ध शाळांमधून भाषणंही दिली आहेत.

नाला कोरडा होता. पलीकडची मातीची दरड पुरुषभर उंच, तिच्या मध्यावर एक कोनाडा. आधी मला काहीच दिसलं नाही. मग मातीचाच एक तुकडा हलला आणि त्याला नारिंगी डोळे फुटले. डोक्यावर शिंगांसारखे पिसांचे दोन तुरे, म्हणून पुस्तकात याला शृंगी घुबड म्हणतात. मादीच्या पाठीमागे दोन पिल्लं होती. करड्या लोकरीची दोन गाठोडी, डोळे मात्र मोठ्यांचे. मी अलीकडच्या काठावर, बऱ्याच अंतरावर, पळसाच्या झुडपामागे बसलो. पिल्लांनी मला पाहिलं आणि दोघांनीही माना गोल फिरवायला सुरुवात केली, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, अंतराचा अंदाज घेत. एकाच्या चोचीतून उंदराची शेपटी लोंबत होती. ती आत जायला फार वेळ लागला. मी हसू दाबलं.

दुपारभर मी तिथून हललो नाही. धाकटं पिल्लू कसं बसतं, कुठला पंख आधी ताणतं, आई जवळ आली की कसला फुसकारा करतं, हे सगळं मला पाठ झालं. शेळ्यांना सावलीत बसवून मुक्ताबाई भाकरी घेऊन आली. घरी कोण कोण असतं, असं तिने हळू आवाजात विचारलं. बायको, मी म्हटलं. आन लेकरं? एक मुलगी, उदगीरला. किती दिवस झाले भेटून, हे तिने विचारलं तेव्हा मी कॅमेऱ्यात डोळा घातला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग दरडीकडे पाहिलं. "आपली लेक शेजारच्या गावात," ती म्हणाली, "आन लोकाची लेकरं बगायला पुण्याहून." उत्तराची वाट न पाहता ती शेळ्यांकडे गेली.

ऊन कलल्यावर कोनाड्यात सावली शिरली आणि ज्यासाठी मी आलो होतो ते घडायला लागलं. थोरलं पिल्लू दरडीवरून घसरत, धडपडत खाली उतरलं आणि चालत गवतात आलं. ही पिल्लं उडण्याआधी चालायला शिकतात. सोनेरी गवत त्याच्या पोटापर्यंत येत होतं. धाकटं वर उभं राहून खाली पाहत होतं. ते उतरलं की दोघं एका चौकटीत, उन्हाकडे तोंड करून. इतकी वर्षं हा फोटो माझ्या मनात तयार होता. मी श्वाससुद्धा सांभाळून घेत होतो.

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. पडद्यावर केतकीचं नाव होतं. लग्नानंतर तिने मला एकदाही फोन केला नव्हता आणि मीही नाही. मी बटण दाबलं. "बाबा..." एवढं ऐकू आलं, मग खरखर. माळावर रेंज धड नव्हती. मी उठलो, काठाच्या उंचवट्यावर गेलो आणि रेंज नसली की आपण सगळे करतो तेच केलं. केतकी, ऐकू येतंय का? केतकी? केतकी, बोल. फोन बंद पडला. मागे मोठे पंख उघडून मादी आवाज न करता नाल्यावरून पलीकडे गेली. गवतातलं पिल्लू धावत दरडीच्या बुडाशी लपलं.

मुक्ताबाई शेळ्या सोडून पळत आली, तिच्यामागून संभाजी.

"कुणाचं नाव घेतलाव?"

मुलीचं, मी म्हणालो. तिचा फोन होता.

"किती डाव घेतलाव, ते तरी ध्यानात हाय का?" संभाजी म्हणाला. मुक्ताबाईने त्याला गप्प केलं आणि मुलगी आजारी-बिजारी तर नाही ना, असं विचारलं. मी सांगितलं, आठवा महिना आहे. मग पदराने तोंड पुसून तिने उपाय सांगितला. घुबड उडालं खरं, पण अजून बोललं नाही. ते दिवेलागणीला बोलायला लागतं. त्याच्या आत ज्याने नाव घेतलं त्याने त्या माणसासमोर उभं राहून हाक मारायची. त्या माणसाने 'ओ' दिली की नाव ज्याचं त्याच्याकडे परत गेलं.

मी म्हणालो, माझा यावर विश्वास नाही. आणि अर्धा तास गप्प बसलं तर मादी परत येईल, पिल्लं पुन्हा उतरतील. उजेड अजून होता.

"तुमी नका मानू," मुक्ताबाई म्हणाली. "पण पोटुशी ती हाय, तुमी न्हाव."

मी झुडपामागे जाऊन बसलोसुद्धा. कॅमेऱ्यातून दरड पाहिली. धाकटं पिल्लू एकटं कोनाड्यात उभं होतं. उडालेली आई, तिची वाट पाहणारं पिल्लू, हे माझ्याच आरड्याने झालं होतं, आणि तरी माझं बोट बटणावर होतं. ते बोट पाहून मला स्वतःची किळस आली. मी घुबडाला घाबरून उठलो असं लिहिणं सोपं आहे. खरं असं की उदगीरला जायला मला कुणीतरी कारण द्यावं, याची मी घरून निघाल्यापासून वाट पाहत होतो. फक्त ते इतक्या चांगल्या उजेडात मिळेल असं वाटलं नव्हतं.

संभाजीने मोटरसायकल पळवली. या वेळी तो वाटेत एक शब्द बोलला नाही. किल्ल्याची तटबंदी दिसली तेव्हा सूर्य खाली टेकला होता. पत्ता विचारत विचारत आम्ही घरापाशी आलो. दार तिच्या सासूबाईंनी उघडलं. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग. मला त्यांनी फोटोतही पाहिलं नसेल, पण ओळखलं आणि आत वळून कानडीत काहीतरी म्हणाल्या. मी उंबऱ्याबाहेरूनच हाक मारली.

केतकी भिंतीला धरत घाईने बाहेर आली. "काय झालं? आई बरी आहे ना?"

मी म्हटलं, सगळे बरे आहेत. मग का आलो ते मी सांगू लागलो आणि सांगताना माझी जीभ अडखळत होती. संभाजीने मध्ये पडून सगळं सांगून टाकलं, नाला, पिल्लं, तीनदा घेतलेलं नाव. केतकीने माझ्या फाटक्या बाहीकडे पाहिलं.

"म्हणजे घुबडामुळे आलात."

मी बाही आत दुमडली. "आईनं सांगितलं, तुम्ही देगलूरला आहात," ती म्हणाली. "म्हटलं, पुढं येताय का ते विचारावं."

सासूबाईंना एवढ्या बोलण्याला वेळ नव्हता. त्यांनी बाहेर मावळत्या उजेडाकडे पाहिलं आणि सुनेला दटावलं, "ते मागनं बोल. आदी ओ दी की गं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमी पुन्ना हाक मारा, अण्णा."

मी पुन्हा हाक मारली. केतकी दाराच्या चौकटीत उभी राहिली, बराच वेळ. संभाजी पायांतल्या चपलेकडे पाहत होता.

"ओ," ती म्हणाली.

आत बसल्यावर मी मुळाचं बोललो. न्यायला आलोय, आई वाट पाहतेय. तिने शांतपणे सांगितलं की आता उशीर झाला. डॉक्टर इथले ठरले आहेत, एवढा प्रवास नको म्हणाले आहेत. महिन्यापूर्वी आला असतात तर आले असते, असंही म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सहन होईना. मग आम्ही दोघं इकडे येऊ का, असं मी विचारलं. आई कधीही येऊ दे, ती म्हणाली. आणि मी? तिने जावयाकडे पाहिलं. तो नुकताच आडतीवरून आला होता आणि माझ्या पाया पडून कोपऱ्यात उभा होता. "बघू," ती म्हणाली.

जेवून जा, असं सगळ्यांनी म्हटलं. मी चहा घेतला. माळावर संभाजीच्या शेळ्या बांधायच्या राहिल्या होत्या, त्याला परत जायचं होतं. मीही त्याच्याबरोबर परतलो आणि सकाळच्या बसने लातूर, तिथून पुणं गाठलं.

माझ्याकडे थोरल्या पिल्लाचे चांगले फोटो आहेत. गवतातून चालताना, एक पाय उचललेला. दोघं एकत्र आलेला एकही नाही. पिल्लं आणि मादी व्यवस्थित आहेत, असं संभाजीने दुसऱ्या दिवशी कळवलं, तेव्हा कुठे मला जेवण गेलं.

घरी आलो तर बायकोने फोटो पाहायला मागितले नाहीत. केतकी कशी दिसते, एवढंच विचारलं. मी सांगितलं, नवा चष्मा लावते, पाय सुजलेत. आणखी? चेहरा भरलाय का, केस वाढवलेत का, डोळ्यांखाली काळं आहे का? ती माझ्यासमोर येऊन बसली होती, हात मांडीवर ठेवून, ऐकायला तयार. मी त्या घरात तिच्या समोर बसलो होतो आणि बहुतेक वेळ चहाच्या कपाकडे पाहत होतो. पिल्लाच्या पापणीचा रंग मला आजही सांगता येईल.

नवा चष्मा आहे, मी पुन्हा म्हणालो. आणि पाय सुजलेत.