पुस्तकं शुद्ध केली त्याची गोष्ट

मद्रासच्या विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचा अभ्यास करून मी महाडला परतलो, तेव्हा असं काही शास्त्र असतं हेच घरात कोणाला पटत नव्हतं. "पुस्तकं कपाटात लावायला एवढ्या लांब कशाला जावं लागतं?" असं थोरले बंधू जेवताना विचारायचे. मी हसून सोडून द्यायचो. चांगलं काम हाती आलं होतं, त्यामुळे मन खुशीत होतं.

मुंबईत ग्रंथालयांसाठी झटणारी काही मंडळी होती. त्यांनी ठरवलं की विद्यापीठात जे शिकवतात तेच थोडं आटोपशीर करून जिल्ह्याजिल्ह्यांत शिकवायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्ग, शेवटी लेखी परीक्षा आणि पास होणाऱ्याला प्रमाणपत्र. कुलाबा जिल्ह्यातला वर्ग माझ्याकडे आला. महाडच्या एका वाचनालयाने आपला दिवाणखाना आणि आपली पुस्तकं वर्गासाठी देऊ केली. वाचनालयाचे अध्यक्ष वकील होते. उद्घाटनाच्या भाषणात त्यांनी ज्ञानाची दारं सर्वांना खुली व्हावीत असं म्हटलं होतं. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या होत्या.

वर्गात दहाबारा जण होते. कोणी शाळामास्तर, कोणी नगरपालिकेत, एक कोर्टातला कारकून. आणि पोलादपूरजवळच्या महारवाड्यातल्या शाळेचे मास्तर. तिशीचे असतील. वडील पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले, त्यामुळे घरात शिस्त आणि अंगावर स्वच्छ कोट. त्यांनी अर्जात स्वतःची जात स्पष्ट लिहिली होती. तो अर्ज मी वकिलांच्या हातात दिला, त्यांनी पाहिला आणि सही केली. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मला लबाड ठरवण्यात आलं.

हे शास्त्र नुसतं ऐकून येत नाही. पुस्तक हातात घ्यावं लागतं, चाळावं लागतं, कोणत्या विषयात घालायचं यावर डोकं खाजवावं लागतं. म्हणून पहिल्याच दिवशी मी कपाटांची कुलुपं काढायला लावली आणि प्रत्येकाला एकेक कपाट वाटून दिलं. मास्तरांकडे शेती, वैद्यक आणि प्रवासाचं कपाट आलं. गुरांच्या रोगांवरचं पुस्तक त्यांनी शेतीत ठेवलं. मी म्हटलं, "हे वैद्यकात जायला हवं."

"नाही गुरुजी," ते म्हणाले. "बैल आजारी पडला की माणूस बैलाचं पुस्तक शोधणार. तो वैद्यकाच्या कपाटाकडे वळणारसुद्धा नाही."

कारकुनाने माझी बाजू घेतली. मग जो वाद झाला त्यात जेवायची वेळ टळून गेली. मला वाटलं, वर्ग चांगला चालणार.

एके दुपारी वाचनालयाचे एक सभासद वर्तमानपत्र चाळायला आले. त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि पोलादपूरच्या बाजारालाही ते जायचे. मास्तरांना त्यांनी ओळखलं. वर्तमानपत्र तसंच टाकून, जोडे पायात सरकवत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर व्हरांड्यात चटया अंथरलेल्या आणि त्यांच्यावर पुस्तकं मांडलेली. मास्तरांच्या कपाटातली तर होतीच, पण खात्री असावी म्हणून बाकीचीही काढली होती. एक भटजी तांब्यात दर्भ बुडवून गोमूत्र शिंपडत पुढे सरकत होते. शिंपडत होते म्हणणं कमीच पडेल, ओतत होते. कापडी बांधणीचा लाल रंग सुटून पानांत उतरला होता. खळ सुटलेली पुठ्ठ्याची कव्हरं फुगून वर आली होती. वास तर विचारू नका.

वकील खुर्ची टाकून देखरेख करत होते.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"शुद्धी. तुम्ही आम्हाला फसवलंत."

"अर्ज तुमच्या हातात दिला होता. जात लिहिलेली होती. तुम्ही सही केलीत."

"मला वाटलं, तो व्हरांड्यात बसेल."

"व्हरांड्यात बसून हा विषय शिकता येतो?"

"कानांनी शिकावं. आपले पूर्वज सगळं ऐकूनच शिकले ना?"

"अहो, पुस्तकांची नासाडी केलीत! या पानांना उद्या बुरशी येईल."

"पुस्तकं पुन्हा आणता येतात," ते शांतपणे म्हणाले. त्या शांतपणानेच माझं डोकं फिरलं. वाचनालयाचा अध्यक्ष हे म्हणत होता.

काही वर्षांपूर्वी याच गावात तळ्याचं पाणी प्यायले म्हणून माणसांना झोडपलं होतं आणि मागाहून तळ्यात शेणगोमूत्राच्या घागरी ओतल्या होत्या. तेव्हा मी शिकायला बाहेरगावी होतो. ते चार अडाणी, माथेफिरू लोकांचं काम असेल असं मी स्वतःला समजावलं होतं. आता समोर पाहत होतो. खुर्चीवर बी.ए., एलएल.बी. बसला होता.

तेवढ्यात मास्तर आले. पायरीखालीच थांबले. चटयांवरून त्यांची नजर फिरली आणि काय झालंय ते त्यांना कळलं. मला वाटलं, आता हे मुकाट्याने मागे वळतील. ते वळले नाहीत. आवाज चढवून, रस्त्यावरच्यांनाही ऐकू जाईल असं बोलले.

"आमच्या वाड्यात अक्षर न येणारी माणसं आहेत, वकीलसाहेब. कागदाला पाय लागला तर ती वाकून नमस्कार करतात. तुम्हाला तर वाचता येतं!"

"ए, तोंड सांभाळ!" वकील उठले. भटजींनी आणखी एक शिंतोडा उडवला, या वेळी मास्तरांच्या दिशेने.

मी पुढे झालो, भटजींच्या हातातला तांब्या हिसकावला आणि रस्त्यावर भिरकावून दिला. तो घरंगळत समोरच्या दुकानाच्या ओट्यापर्यंत गेला. मग मी वर्गातल्या लोकांकडे वळलो. ते एव्हाना जमून एका बाजूला भिंतीशी उभे होते.

"वर्ग उद्यापासून पोलादपूरला, मास्तरांच्या शाळेत. ज्याला शिकायचंय त्याने यावं."

एक जण कुरकुरला, "यात आमचा काय दोष? आमचा वर्ग का बुडवता?"

घरी बातमी माझ्याआधी पोचली होती. थोरल्या बंधूंनी दारातच सांगितलं, "प्रायश्चित्त घे. नाहीतर या घरात तुझं पान मांडणार नाही." मी आत जाऊन मद्रासहून आणलेली पुस्तकांची ट्रंक उचलली. वहिनी दाराआडून रडत होत्या. बंधू मात्र बाजूला झाले, मला वाट द्यायला. त्या तत्परतेचा राग मला अजून येतो.

पोलादपूरला माझ्यामागून तिघे आले. त्यांत तो कोर्टातला कारकून होता. त्याने रजा टाकली होती आणि साहेबाच्या शिव्या खाल्ल्या होत्या. बाकीचे आले नाहीत. शाळा म्हणजे पेंढ्याने शाकारलेली एक खोली. मास्तरांच्या वडिलांनी आम्हाला घरातलं पाणी आणून दिलं आणि आम्ही ते पितो का याकडे ते टक लावून पाहत राहिले. आम्ही प्यायल्यावर खाली बसले.

"मी सांगितलेलं याला, महाडात नको जाऊस," ते म्हणाले. "नाय ऐकलान. आता तुमी आलाव तर अर्ध्यात सोडून जाऊ नका. आमाला आशा लावून जानारे लय पायलेत."

अर्ध्यावर सोडलं नाही. माझ्या ट्रंकेतल्या पुस्तकांवर, शाळेतल्या क्रमिक पुस्तकांवर, मुंबईला गिरणीत असलेल्या कोणाकोणाच्या घरी पडलेल्या पोथ्यांवर आणि जुन्या मासिकांवर आम्ही शिकलो. विषय ठरवणं, सूचीची कार्डं लिहिणं, फाटकं पुस्तक शिवणं, सगळं झालं.

परीक्षेचं ठिकाण ठरलं होतं ते महाडचं वाचनालय. वकिलांनी दार बंद केलं. मी मुंबईच्या मंडळींना कळवलं. त्यांचं उत्तर आलं की स्थानिक लोकांच्या भावना पाहता यंदा राहू द्यावं, पुढच्या वर्षी विचार करू. माणुसकीवर व्याख्यानं देणारी माणसं होती ती! वकिलांचा राग आला होताच. यांचा त्याहून जास्त आला. वकील निदान आपण काय आहोत ते लपवत नव्हते.

मी चौघांना घेऊन दासगावला गेलो आणि बोटीने मुंबई गाठली. मंडळींच्या कचेरीत जाऊन बाकांवर बसलो. चिटणीस म्हणाले, "असं अचानक येऊन चालत नाही."

"प्रश्नपत्रिका छापलेली आहे ना?"

"आहे, पण—"

"मग द्या. हे इथेच लिहितील. नाहीतर तुमच्या पुढच्या जाहीर सभेत उभा राहून मी महाडची हकिकत सांगतो, तुमच्या उत्तरासकट."

चिटणीसांनी प्रश्नपत्रिका काढल्या. चौघांनी तिथेच पेपर लिहिले. चौघेही पास झाले. मास्तरांना साधारण गुण पडले. त्यांना त्याचं काही वाटलं नाही आणि मलाही. पास व्हायचा हक्क हुशारांनाच असतो असं थोडंच आहे?

त्या प्रमाणपत्रावर मास्तरांनी ठिकठिकाणी ग्रंथपालाच्या जागेसाठी अर्ज केले. एकाही ठिकाणाहून उत्तर आलं नाही. शेवटी त्यांनी शाळेतच वाचनालय उघडलं. रविवारी पुस्तकांचं गाठोडं पाठीवर घेऊन ते डोंगर चढून कुडपणपर्यंत जायचे. पुस्तकं द्यायची, जुनी परत आणायची. पुढे लोकल बोर्डाने त्यांची बदली घाटाजवळच्या आडगावी केली, तेव्हा वडील गाठोडं घेऊन जायला लागले. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं. ते पुस्तक परत घेताना वाचणाऱ्याला त्यात काय आहे ते सांगायला लावत.

मला महाडला पुन्हा कोणी बोलावलं नाही. मी पुण्याला नोकरी धरली आणि हाच विषय शिकवत राहिलो. घरी एकदाच गेलो, आई आजारी होती तेव्हा. परतताना मोटारीच्या थांब्यावर वकील दिसले. केस पिकले होते. आपणहून जवळ आले.

"झालं गेलं विसरून जा," ते म्हणाले. "तेव्हा तुम्ही तरुण होता. रागाच्या भरात होता."

"अजून आहे," मी म्हटलं आणि मोटारीत चढलो.