दाराचा नंबर पंख्याला

आमची आत्या काय काम करते ते घरात कुणालाच धड सांगता येत नाही. बाबा सरळ ठोकून देतात, "ती फ्रिजांशी बोलते." तर तसं नाहीये. तिची कंपनी रक्तपेढ्यांसाठी मोठे फ्रिज बनवते आणि ते फ्रिज नेटवर्कवरून नुसते आकडे पाठवतात. कुठल्या नंबरावरचा आकडा म्हणजे तापमान, कुठला म्हणजे दार, हे स्क्रीनला सांगणारी फाइल आत्या लिहिते. त्यात एकच कडक नियम, एकदा दिलेला नंबर पुन्हा दुसऱ्या कशाला द्यायचा नाही, ती वस्तू काढून टाकली तरी नाही. नव्या पोरांना यावरून तिने किती झापलंय.

आणि तिनेच दिला. नव्या फ्रिजमध्ये दाराचा सेन्सर नव्हता, पंख्याचा होता, हिने घाईत दाराचा नंबर पंख्याला देऊन टाकला. रक्तपेढीच्या स्क्रीनवर जुनीच फाइल होती, त्यामुळे पंखा फिरला की स्क्रीन ओरडणार, दार उघडं आहे. दिवसभर नुसता अलार्म. सगळे तुटून पडले फ्रिज बसवणाऱ्या वायरमनकाकांवर, तारा नीट जोडल्या नाहीत म्हणून. बिचाऱ्यांनी दोनदा सगळं उकलून परत जोडलं. तेवढ्यात आत्याला स्वतःची चूक दिसली, तिने गुपचूप पंख्याला नवा नंबर दिला, अलार्म थांबला. लोकांना वाटलं तारांचंच होतं. काकांना त्या कामावरून काढलं.

आत्या गप्प. घरी मात्र तिचं जेवणात लक्ष नाही, कुणी हाक मारली की दचकते. शेवटी मीच खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं.

"अगं मग काकांना सांग ना."

"फाइल केली ना दुरुस्त."

"फाइलला कुणी घालूनपाडून बोललं होतं का आत्या?"

तिने माझ्यासमोरच फोन लावला.

"ताई, शिडीवर आहे. वाईट बातमी असेल तर उतरतो."

"उतरा काका."

मग तिने सांगितलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"अलार्म थांबला त्याच्या आधीच."

"आणि मी इकडे बायकोला सांगतोय, माझ्या हातातलं कसब गेलं आता, काम सोडतो."

आत्याचा चेहरा बघवत नव्हता.

"साहेबांना सांगते मी काका."

"रक्तपेढीच्या डॉक्टरबाईंनाही सांगा. त्यांनी मला सगळ्यांदेखत अडाणी म्हटलं. तुम्हीही सगळ्यांदेखतच सांगा."

ती रक्तपेढीत गेली, काकांना सोबत घेऊन. सगळ्या स्टाफपुढे म्हणाली, चूक माझी, यांचं काम चोख होतं. डॉक्टरबाईंनी काकांची माफी मागितली, काम परत दिलं, आणि आत्याकडे वळून एवढंच विचारलं, "मग आधी का नाही बोललात?"

घरी येऊन आत्या चप्पल न काढताच खुर्चीत बसली.

"काकापण माझ्याकडेच बघत होते गं, मी काय उत्तर देते म्हणून. 'लाज वाटत होती' एवढंसुद्धा तोंडातून निघालं नाही."