प्रवेशाआधीचा चहा

पांढुर्ण्यातले आमच्या वॉर्डाचे नगरसेवक बोलताना समोरच्याच्या शर्टाचं बटण धरून ठेवतात. मुद्दा संपेपर्यंत माणूस निसटू नये म्हणून. यंदा पक्षानं त्यांचं तिकीट कापलं, तेव्हा पानठेल्यावर माझी दोन बटणं गेली.

"अपमान गिळून इथंच राहू का तिकडे जाऊ, सर?"

मला दोन्ही पक्षांची भाषणं सारखीच वाटतात, त्यामुळे माझा काही उपयोग झाला नाही.

शेवटी त्यांनी जायचं ठरवलं. छिंदवाड्याला पक्षप्रवेशाचा सोहळा होता. नव्या पक्षानं गाडी पाठवली. मागे मी होतो आणि त्यांचा म्हातारा कार्यकर्ता. सौंसर गेल्यावर तो हळूच म्हणाला, "साहेब, तुम्ही जाऊन राहिले तर मीही येतो. पण माह्या लहान्या भावानं तोच पक्ष धरला, म्हणून तुम्ही मले त्याच्या पोरीच्या लग्नाले जाऊ नाही दिलं. आता त्याले काय सांगू?"

तो भाऊ वाटेवरच, रामाकोन्याला राहतो. नगरसेवकांनी गाडी तिथं वळवायला लावली, आणि दारात उभं राहून त्या भावाला म्हणाले, "याची काही चूक नाही. मीच अडवलं होतं. चहा मांड बाप्पा."

चहा झाला. दोघे भाऊ अंगणात एकाच खाटेवर, वेगवेगळ्या दिशांना बघत बसले होते. ड्रायव्हर कानाला फोन लावून धावत आला.

"नेताजी, मंचावर तुमचं नाव पुकारून राहिले!"

"पुकारू दे. हे दोघं अजून बोलले नाही."