बानूबाईच्या गाईपुढची कविता

सिद्धलिंगअप्पांशी माझी ओळख भांडणातून झाली. आम्ही नुकतेच माकणीला आलो होतो. यजमान धरणाच्या कामावर ओव्हरसियर. मुलगी लहान, अंगानं बारीक, तिला कुठलंही दूध पचत नसे. अप्पा गावच्या दूध सोसायटीचे सेक्रेटरी. मी किटली घेऊन जायची आणि रोज विचारायची, "आजचं दूध कुठल्या गाईचं?" एकदा ते वैतागून म्हणाले, "वहिनी, नाव पुरं का गोत्र बी सांगू?" मी तणतणत घरी आले. पण दुसऱ्या दिवसापासून एकाच गाईचं दूध माझ्यासाठी बाजूला निघू लागलं.

अप्पांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कानडी. नागम्मा, त्यांच्या पत्नी, होत्या तोवर ते टिकलं. त्या गेल्यावर राहिले मुलगा, सून, नातवंडं. ती सगळी मराठी बोलणारी. घर भरलेलं होतं, पण संध्याकाळी सोसायटी बंद झाली तरी अप्पा बराच वेळ रिकाम्या कॅनांशेजारी बसून राहायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याला घरचे टाकून बोलत असतील. तसं काही नव्हतं. घरचे चांगलेच होते.

त्यांचं खरं काम मला बानूबाईच्या गोठ्यात दिसलं. बानूबाई आमच्या क्वार्टरमागं राहायच्या. त्यांची जर्सी गाय पहिल्यांदाच व्यालेली. कासेला हात लागू देईना.

"अप्पा, या की लवकर! हिची भाषा बोला. सकाळधरनं लाथा मारायलीय."

अप्पा आले. गाईच्या मानेवर हात ठेवून हळू आवाजात काही म्हणू लागले. मराठी नव्हतं, कानडी नव्हतं, इंग्रजीही नव्हतं. नाकातून येणारे, गोल गोल शब्द. गाईनं कान हलवले, पाय स्थिर केले.

"बास, बास! सोडला पान्हा," बानूबाईंनी हातानंच त्यांना थांबवलं. "च्या घ्या आन् जावा आता."

मी विचारलं, मंत्र आहे का?

"मंत्र कशाचा? गाईच्या देशाची बोली हाय ती," बानूबाई म्हणाल्या.

"देश कुठला?" अप्पा हसले. "जन्म माकणीचा, आई खिल्लार, बाप डाक्टरच्या नळीतला. अन् म्हणे देशाची बोली!"

पण बायांचा विश्वास पक्का होता. जर्सी गाय म्हणजे इंग्लंड-फ्रान्समधल्या जर्सी बेटाची, तेव्हा तिला तिथलीच बोली कळणार. अख्ख्या गावात नवी व्यालेली गाय अडली की अप्पांना बोलावणं जाई.

ती बोली त्यांच्याकडं कशी आली, ते त्यांनी मला नंतर सांगितलं. संकरित गाई सोसायटीत नव्यानं आल्या, तेव्हा त्यांची निगा शिकवायला त्या बेटावरचा एक म्हातारा गोपालक आला आणि एक उन्हाळाभर अप्पांच्या ओसरीत राहिला. अप्पांचं इंग्रजी मोडकं, पाहुण्याचंही फार धड नव्हतं. कारण त्याच्या घरची भाषा नॉर्मन. फ्रेंचच्या नात्यातली, पण पॅरिसच्या माणसाला कळेलच असं नाही. लहानपणी शाळेत ती बोलली की छडी बसायची. तरी तिच्यात लिहिणारे होते: शेतकरी, मास्तरीण, पाहुण्याचा एक बटाटे पिकवणारा मेहुणा. बेटाच्या वर्तमानपत्रात ते गमतीचा मजकूर लिहीत, वर्षातून एकदा कविता म्हणायची चढाओढ लागे. एकच शब्द कसा लिहायचा यावरून दोन गावांत रुसवेफुगवे होत. महायुद्धात जर्मन सैन्य बेटावर होतं, तेव्हा लोक या भाषेत उघड बोलत आणि दुभाषे नुसते तोंडाकडं बघत राहत.

"आमच्यावाणीच की," अप्पा म्हणाले. "आमची कानडी गुलबर्ग्याच्या लोकांना हसू आणती. पर आमच्यात कुणी लिहिलं न्हाय."

पाहुण्यानं बेटावरच्या आपल्या शेजारणीनं रचलेली एक कविता त्यांना म्हणून दाखवली. अप्पांनी ती रोज धारेच्या वेळी त्याच्यामागं म्हणून पाठ केली. बायांनी ते ऐकलं, गाय शांत झालेली पाहिली, आणि कवितेचं औषध झालं.

शहाऐंशीच्या दुष्काळात गाई आटल्या. कुणी विकल्या, कुणी धरणाजवळच्या चारा छावणीत नेऊन बांधल्या. सोसायटीत अर्धा कॅन दूध जमेना. मी मुलीच्या काळजीनं पावडरचे डबे शोधत फिरत होते. अप्पांना कुणाचं बोलावणं येईनासं झालं.

एका दुपारी ते दारात आले. आत येईनात.

"वहिनी, तुम्ही कॉलेज शिकलेल्या. कविता ऐकायची रीत तुम्हाला ठाव असंल. एकडाव पुरी ऐकता का? आजपतुर कुणी पुरी ऐकली न्हाय. मधीच पान्हा सुटतो."

मी चटई टाकली. अप्पांनी डोळे मिटले आणि सुरू केलं. शब्द एकही कळला नाही, पण कुठं श्वास घ्यायचा, कुठं लांबवायचं, सगळं त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. मग एका ओळीवर ते थांबले. पुन्हा मागून आले. पुन्हा तिथंच थांबले. कपाळावरची विभूती घामानं ओली झाली.

"गेलं," ते म्हणाले. "म्हणायची पाळीच आली न्हाय, तर ऱ्हाईल कसं?"

"पाहुण्याला पत्र टाकू या. मी लिहिते."

"ते तवाच लई थकल्याले होते. नगं. ते गेले म्हणून कळलं तर अजून एक गेल्यावाणी हुईल."

मी अर्थ विचारला. तो त्यांना ठाऊक होता. म्हातारी सांजेला गाईला हाक मारते. दुकानात इंग्रजी, घरात सून इंग्रजी. जुन्या बोलीत बोलावं अशी ही गायच उरली आहे. शेवटी ती गाईला म्हणते, मी गेल्यावर कुणी दुसऱ्या भाषेत हाक मारली तरी ये बाई. माझ्यासाठी उपाशी राहू नकोस.

अप्पा उठले, चपला घालून उन्हातून निघून गेले.

महिन्याभरानं मुलीनं गाय बघायचा हट्ट धरला म्हणून तिला छावणीवर नेलं. कडब्याची धूळ, हाडं वर आलेली जनावरं. माणसं टँकरपाशी रांगेत होती. बानूबाईच्या गाईजवळ अप्पा एकटे उभे होते, मानेवर हात ठेवून. ते ओळखीचे गोल शब्द चालले होते. गाय आटलेली, पान्हा सुटायचा नव्हता, त्यांना थांबवायला कुणी नव्हतं.

ज्या ओळीवर ते माझ्या घरी अडले होते, तिथं येऊन ते क्षणभर थबकले. मग पुढचं कानडीत म्हणू लागले. "बा, नन्नव्वा, बा." ये, माझे आई, ये. एवढं कानडी मलाही येतं. त्यापुढचं पुष्कळ होतं, ते मला कळलं नाही. मुलगी "अप्पा" म्हणून हाक मारणार होती. मी तिच्या तोंडावर हात ठेवला आणि त्यांचं संपेपर्यंत तिथंच उभी राहिले.