मी सायप्रसला गेले होते

आमच्या उमरग्याकडं भानामतीच्या गोष्टी निघाल्या की मी उठून कामाला लागते. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. तरी हे लिहिते आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या, लढाईच्या दिवसांतली गोष्ट. आमचा थोरला मुलगा मल्लू निजामाची हद्द ओलांडून सोलापूरला गेला आणि खेचरांच्या पलटणीत भरती झाला. लिंगायत वाण्याच्या पोराला पलटणीत कोण घेणार, म्हणून फॉर्मवर जात ‘मराठा’ लिहिली. पुढं भूमध्य समुद्रातल्या सायप्रस बेटावरून त्याची पत्रं येत.

श्रावणातला सोमवार. सकाळी अकराच्या सुमारास डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसले होते. नजर लिंगावर... आणि एकदम उतारावर उभी! खाली निळंशार पाणी, पांढरी घरं, द्राक्षांचे मळे. इतकं देखणं ठिकाण मी जन्मात पाहिलं नव्हतं. झाडाखाली खाटेवर मल्लू, तापानं फणफणलेला.

“अव्वा, हे मला जाळतील गं. साहेबाला सांग, मी लिंगायत हाय. मला बसवून पुरायचं.”

“सांगते. आधी उठ, पाणी पी,” मी म्हणाले.

भानावर आले तेव्हा तळहातावरचं बेलाचं पान ओलंच होतं. दुकानात जाऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी तराजू खाली ठेवला. “सोलापूरला जाऊन पलटणीला तार करू का?”

“उपासानं डोकं फिरलंय माझं,” मी म्हणाले. “पित्त झालंय, दुसरं काय? तारवाला हसंल तुम्हाला. गिऱ्हाईक बघा.”

महिन्यानं सरकारी कागद आला. मल्लू त्याच आठवड्यात, गुरुवारी, तापानं गेला होता. हिंदू रीतीनं दहन केलं होतं.

लढाई संपल्यावर त्याचा पलटणीतला सोबती, सास्तूर गावचा, भेटायला आला. मी त्याला उतार, घरं, खाट सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, “मावशी, तुमाला कुणी सांगितलं? व्हय, तसंच हाय तिथं.” मग खाली मान घालून म्हणाला, “सोमवारी मल्लू लई खुशीत होता. अव्वा येऊन गेली, म्हणं. पाणी पी म्हणाली. ती साहेबाला सांगती, आता काळजी न्हाय... म्हणून आमाला कायबी बोलला न्हाय. आमीच लाकडं रचली, मावशी.”

मी तिथं कशी पोचले, ह्याचा उलगडा ना आमच्या जंगमस्वामींना झाला, ना डॉक्टरांना. मलाही नाही. सोमवार ते गुरुवार तीन दिवस होते. तार पोचली असती.